आमटीने बसलेली वाटी

प्रकरणाची सुरुवात आमटीपासून झाली.

सप्टेंबर २०२४, गणपतीतला शनिवार, आमच्या सोसायटीचा महाप्रसाद. सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, तीन विंग, १२४ फ्लॅट, जेवायला साडेतीनशे माणसं. डिस्पोजेबल भांड्यांवरून दरवर्षी वाद होतो. म्हणून समितीने ठरवलं, यंदा सगळं 'बायो' आणायचं. मी कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतो, त्यामुळे खरेदी माझ्याच गळ्यात पडली. उसाच्या चिपाडाच्या थाळ्या आणल्या आणि ८०० पांढऱ्या वाट्या. वाटीच्या तळाला हिरवं पान, खोक्यावर पोहणारं कासव, आणि कासवाखाली '१०० टक्के बायोडिग्रेडेबल, समुद्र वाचवा'. भाव वाटीला पावणेपाच रुपये. महाग होत्या, पण कासवाकडे बघून घासाघीस करवली नाही.

पहिली पंगत बसली. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी झाली आणि पातेल्यातून थेट उकळती आमटी आली. वाढणारा मुलगा चार पानं पुढे गेला असेल, मागून एक आजी ओरडल्या, "अरे, वाटी बसली बघ!" खरंच बसली होती. कड आत वळली, तळ पसरला आणि आमटी जिलबीखालून थाळीभर झाली. त्या ओळीत बारा पानं होती. सात वाट्या बसल्या, पाच ताठ उभ्या राहिल्या. खोकं तेच, पान तेच, कासवही तेच.

सगळ्यांनी, आणि मीही, एकच निष्कर्ष काढला: सात वाट्या डुप्लिकेट निघाल्या. तो निष्कर्ष बरोबर उलटा होता. ते कळायला आधी एक बादली लागली आणि मग सहा महिने.

बादली

बी विंगमधल्या काकू पॉलिमर रसायनशास्त्रात आयुष्य काढून निवृत्त झाल्या आहेत. जेवणं झाल्यावर त्या हातात दोन वाट्या घेऊन आल्या, एक बसलेली, एक ताठ. "अरे, तुला विकणाऱ्याने काय सांगितलं?" मी म्हटलं, "मक्यापासून बनवलेलं." "मग ही बसली ते बरोबरच आहे. ही का बसली नाही, ते शोध."

मक्याच्या किंवा कसाव्याच्या पिठापासून, उसाच्या साखरेपासून जे प्लास्टिक सर्वांत जास्त बनतं ते पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात, दह्यात असतं तेच, आणि त्याच्या रेणूंच्या साखळ्या गुंफतात. या साध्या पीएलएची एक खोड आहे: ५५ ते ६० अंशांच्या आसपास ते कडकपणा सोडतं. उकळती आमटी त्याच्या कितीतरी वर असते. उलट खनिज तेलापासूनचं नेहमीचं प्लास्टिक, पॉलिप्रॉपिलीन, १६० अंशांच्या आसपास वितळतं, आमटीचा त्याला काही फरक पडत नाही.

काकूंनी बादलीत पाणी भरलं आणि वाट्यांचे कात्रीने तुकडे करून आत टाकले. तुकडे पाण्याखाली धरून बोटांनी चोळले, कारण बुडबुडा चिकटला की जड तुकडाही तरंगतो. बसलेल्या वाटीचा तुकडा तळाला गेला, ताठ वाटीचा तुकडा वर आला. पाण्याची घनता १, पीएलएची १.२४, पॉलिप्रॉपिलीनची ०.९ च्या आसपास. "पण एवढ्यावर भरवसा ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "पॉलिप्रॉपिलीनमध्ये खडूची भुकटी भरली की तेही बुडतं." म्हणून दोन्ही तुकडे आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत इन्फ्रारेड यंत्राखाली ठेवले. बुडालेल्या तुकड्याच्या आलेखात १७५० च्या आसपास एस्टरचा, म्हणजे पीएलएची साखळी बांधणाऱ्या रासायनिक जोडाचा, उंच सुळका आला. तरंगणाऱ्याच्या आलेखात तिथे सपाट मैदान.

म्हणजे पंगतीत ज्यांनी अब्रू घालवली त्या सात वाट्या खऱ्या होत्या आणि ज्यांनी लाज राखली त्या पाच साध्या प्लास्टिकच्या. त्या नुसत्या खोट्या नव्हत्या, बंदीतल्याही होत्या. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, पेले, वाट्या बंद झाल्या आहेत. मी विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, माल वरून मिक्स येतो."

इथे थांबलो असतो तर हे फसवणुकीचं एक सामान्य प्रकरण झालं असतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. सात वाट्या खऱ्या होत्या ना? मग त्यांचं तरी पुढे काय होतं?

खड्डा

सोसायटीत विटांचे तीन खतखड्डे आहेत. गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प असला तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन असले तर १० टक्के. आमचे खड्डे त्या ५ टक्क्यांसाठी बांधले गेले आणि पुढे खरोखर चालू लागले. २२ सप्टेंबरला, रविवारी, कांद्याच्या जाळीदार पिशवीत पीएलएच्या सहा वाट्या, पॉलिप्रॉपिलीनच्या सहा, चिपाडाच्या दोन थाळ्या आणि पळसाची एक पत्रावळ असं सगळं मधल्या खड्ड्यात पुरलं. वाट्या ओळखू याव्यात म्हणून पीएलएच्या वाट्यांना पूजेतला लाल-पिवळा नाडा बांधला. केवढी अक्कल! सुताचा नाडा भाऊबीजेला खड्डा उघडला तेव्हा खत होऊन गेला होता. वाट्या मात्र जशाच्या तशा, आणि कोणती कुठली ते कळेना. पुन्हा बादली काढावी लागली. मग तांब्याची तार बांधली.

भाऊबीजेला, म्हणजे सहा आठवड्यांनी, पत्रावळीतल्या फक्त काड्या उरल्या होत्या. थाळ्या बोटाने दाबल्या की ओल्या पुठ्ठ्यासारख्या तुटत होत्या. पीएलएच्या वाट्या किंचित दुधाळ झाल्या होत्या, बाकी काही नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या वाटीवर तेलाचा पिवळा डागसुद्धा शाबूत होता.

दुसऱ्यांदा खड्डा १५ डिसेंबरला उघडला. ही तारीख मुद्दाम धरली होती, पुरल्यापासून बरोबर ८४ दिवस. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी जे मानक आहे, आयएस/आयएसओ १७०८८, त्यात दोन मोठ्या परीक्षा आहेत. एक, १२ आठवड्यांत वस्तूचे इतके तुकडे व्हायला हवेत की २ मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त उरू नये. दुसरी, १८० दिवसांत तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. या परीक्षा होतात त्या सुमारे ५८ अंशांच्या गरम कंपोस्टमध्ये, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या खड्ड्यात किती अंश होते? मिठाईवाल्याकडे पाकासाठी असतो तसा लांब दांड्याचा थर्मामीटर आणून मी तीन महिने रोज सकाळी नोंद केली. ओला कचरा नवा पडला आणि ढीग वरखाली केला की पारा चढायचा, एकदा ५३ पर्यंत गेला, पण दोन दिवसांत उतरायचा. बाकी दिवस ३२ ते ३८, डिसेंबरच्या थंडीत २६. आमचे खड्डे अरुंद, रोजचा कचरा थोडा आणि पातळ पसरलेला. मोठ्या ढिगाची ऊब त्यात टिकतच नाही.

एरवी पानाला, पोळीला एवढी ऊब पुरते, कारण जिवाणू त्यांना थेट खातात. पीएलएचं तसं नाही. त्याची लांब साखळी बहुतेक जिवाणूंना चावता येत नाही. आधी पाण्याने ती साखळी एस्टरच्या जोडापाशी तुटावी लागते, तुकडे पुरेसे आखूड झाले की मगच जिवाणूंची पंगत बसते. पाण्याने साखळी तुटण्याची ही क्रिया ५५-६० अंशांच्या वर झपाट्याने होते आणि ३५ अंशांवर अगदी रखडत. ज्या उंबरठ्यावर आमटीने वाटी बसवली, त्याच उंबरठ्यापलीकडे ती नीट कुजते. काकूंनी हे सांगितलं तेव्हा मला थोडी लाज वाटली. मी हे दरवर्षी वर्गात शिकवतो, पण वाटी विकत घेताना मला ते आठवलं नाही.

८४ दिवसांनी पीएलएची वाटी वाकवली की कडेला बारीक तडे जात होते. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, ६.२ ग्रॅमची ६.० भरली. "लिहू नकोस ते," काकू म्हणाल्या, "एवढी तर तिला माती चिकटली आहे." तरीही लिहिलंय, फक्त त्याला पुरावा समजू नका.

कासव

आता कासवाकडे. पुणेकराला समुद्र म्हटलं की कोकण आठवतं. अरबी समुद्र पुण्याहून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. पण आपलं पाणी तिकडे जात नाही. आमच्या गेटमागचा नाला मुठेत उतरतो. मुठा संगमाशी मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला, भीमा उजनीत थांबते, तिथून पंढरपूरला चंद्रभागा होऊन वळसा घेते, रायचूरच्या बाजूला कृष्णेत जाते. कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. हजार किलोमीटरहून लांबचा रस्ता, आणि वाटेत धरणांमागून धरणं. (लोणावळ्याला फिरायला जाणाऱ्यांसाठी: घाटमाथ्याच्या अलीकडे टाकलेली बाटली इंद्रायणीतून याच वाटेने पूर्वेला जाते. चार पावलं पलीकडे टाकली तर उल्हास नदीतून थेट अरबी समुद्रात.)

त्या वाटेवर वाट्यांचं काय होईल? बादलीने याचं निम्मं उत्तर आधीच दिलं होतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पुराबरोबर दूर जाऊ शकतं. पीएलए बुडतं. आमच्या खऱ्या वाट्या कासवापर्यंत बहुधा पोचणारच नाहीत. त्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामागे नाहीतर उजनीच्या गाळात बसतील, जिथे भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी चोच खुपसून खातात. त्या गाळात ना ५८ अंश, ना भरपूर हवा. वाटी तिथे वर्षानुवर्षं पडून राहील, तुटली तरी आधी बारीक कपच्या होतील. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात, आणि कपची मक्याची आहे की खनिज तेलाची हे माशाच्या पोटाला कळत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा की नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून जास्त नद्यांमधून जातं, आणि त्यात किनाऱ्यालगतच्या शहरांमधल्या छोट्या नद्यांचा वाटा मोठा आहे. थोडक्यात, किनाऱ्यापासून इतक्या लांब, धरणांच्या माळेमागे बसलेल्या पुण्याने समुद्राआधी आपल्या धरणांच्या गाळाची काळजी करावी.

वाटी समुद्रापर्यंत पोचली तरी काय होतं, यावर चांगलं काम झालेलं आहे. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी दुकानातल्या पिशव्या तीन वर्षं माती, समुद्र आणि उघडी हवा यांत ठेवल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. 'कंपोस्टेबल' पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण तीच पिशवी मातीत २७ महिन्यांनीही होती. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षं समुद्रात आणि मातीत राहूनही सामान उचलण्याइतकी धड होती. म्हणजे एकाच पिशवीचं उत्तर जागेनुसार बदलत होतं. पीएलएबद्दल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ला होया किनाऱ्यावरचा प्रयोग बोलका आहे. पीएलएचं कापड समुद्रात ४२८ दिवस राहून जसंच्या तसं निघालं. लाकडाच्या सेल्युलोजपासून केलेलं कापड महिन्याभरात संपलं.

समुद्रात खरोखर खाल्लं जाणारं जैवप्लास्टिक म्हणजे पीएचए. ते कारखान्याने गुंफलेलं नसतं, जिवाणू स्वतःच्या पेशीत साठवतात, मुंगीने साखर भरून ठेवावी तसं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लेमोइन यांनी १९२६ मध्ये एका जिवाणूत ते शोधलं. निसर्गात ते आधीपासून आहे, म्हणून ते तोडणारी विकरंही माती-पाण्यात सगळीकडे सापडतात. पण तेही जादू नाही. २०१९ च्या एका हिशेबाप्रमाणे पीएचएची बाटली समुद्रात संपायला दीड ते साडेतीन वर्षं लागू शकतात. जाड वस्तूला जास्त, पातळ पापुद्र्याला कमी. तेवढ्या काळात कासवाचं जे व्हायचं ते होऊन जातं.

याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला' असं फॉरवर्ड फिरलं. सापडला आहे, २०१६ मध्ये जपानात, पण तो पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, खातो. पीईटीची पातळ फिल्म ३० अंशांवर खायला त्याला सहा आठवडे लागले होते. आमच्या पॉलिप्रॉपिलीनच्या वाटीशी त्याचा काही संबंध नाही. काकूंनी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "त्याला आधी खड्ड्यावर पाठवा."

ताई, विक्रेता आणि खोक्यावरचा मजकूर

ज्यांना या वाट्या रोज हाताळाव्या लागणार होत्या त्यांना आम्ही सर्वांत शेवटी विचारलं. ही चूक समितीची, माझ्यासकट. रोज सुका कचरा वेगळा करणाऱ्या ताईंनी महाप्रसादानंतर उरलेल्या वाट्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, "सर, ही घेत नाही कुणी. भंगारवाला म्हणतो हे काय आणलं." पीएलए पॉलिप्रॉपिलीनच्या पोत्यात गेलं तर माल बिघडतो, वितळण्याची तापमानं जुळत नाहीत. आणि ओल्या कचऱ्यात टाकलं तर प्रकल्पावर पट्ट्याशी उभा असलेला माणूस प्लास्टिक समजून ते बाहेर फेकतो. म्हणजे पावणेपाच रुपयांची वाटी ताईंच्या दृष्टीने शून्य रुपयांची, उलट वेचायचा व्याप. खोट्या पाच वाट्यांना निदान किलोमागे भाव होता!

विक्रेत्याकडे मी दोनदा गेलो. पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, वाटी चांगलीच आहे. तुमचा खड्डा चुकीचा आहे." राग आला, पण तो अर्धा बरोबर होता. नियमांनीही २०२४ मध्ये हेच धरलं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार कंपोस्टेबल वस्तूवर 'फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये' असं लिहावं लागतं. आणि बायोडिग्रेडेबल म्हणायचं असेल तर किती दिवसांत आणि कुठे, मातीत की पाण्यात, हेही छापावं लागतं. आमच्या खोक्यावर दिवस नव्हते, जागा नव्हती, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नव्हता. कासव तेवढं होतं. मी ते खोकं वर्गात ठेवलंय.

पीएलएबद्दल माझी तक्रार नाही, हेही लिहून ठेवतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेजुरीला प्राज कंपनीचं जैवप्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू झालं, साखरेपासून पीएलएपर्यंतची प्रक्रिया तिथे दाखवली जाते. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे होणं साहजिक आहे. पण ज्या शहरात वाटी बनेल त्याच शहरात ती नेऊन टाकायला ५८ अंशांचा मोठा ढीग, आणि तिथवर ती वेगळी पोचवणारी वेगळी बादली, हे दोन्ही लागेल. कॅन्टीन, स्टेडियम, आयटी पार्क अशा बंदिस्त जागी ते जमू शकतं. रस्त्यावरच्या वडापावला नाही, आणि आमच्या महाप्रसादालाही नाही.

निर्णय

जानेवारीच्या सभेत तीन पर्याय आले. पुन्हा चिपाडाच्या थाळ्या आणि पळसाचे द्रोण. प्रमाणपत्र असलेल्या पीएलए वाट्या आणून त्या औद्योगिक कंपोस्टला पाठवणं. किंवा भाड्याची स्टीलची भांडी. दुसरा पर्याय पाचच मिनिटं टिकला. चार-पाच किलो वाट्या कुणाच्या गाडीतून कुठे न्यायच्या, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

स्टीलवर खजिनदारांनी पाण्याचा मुद्दा काढला. उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो, धुवायला पाणी कुठून? मुद्दा रास्त होता. म्हणून १२ एप्रिलला हनुमान जयंतीच्या प्रसादाला चाचणी घेतली. माणसं १४०. ताट, दोन वाट्या, पेला यांचा सेट बारा रुपये भाड्याने. धुण्यासाठी नळ बंद ठेवला, तीन टब मांडले: पहिल्यात खरकटं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पाणी मोजून दोनशे लिटर लागलं, माणशी दीड लिटरच्या आत. ते नंतर झाडांना गेलं. आमटी उकळतीच वाढली. कुणी काही ओरडलं नाही, फक्त एका आजोबांनी स्टीलची वाटी हाताला चटकते म्हणून तक्रार केली. ती नोंदवहीत आहे.

उरलेल्या साडेतीनशे वाट्या गोदामात होत्या. बादलीत घालून ताईंनी आणि काकूंनी त्या वेगळ्या केल्या. तरंगणाऱ्या भंगारात गेल्या, बुडणाऱ्या कोरड्या दाण्या-फुटाण्यांसाठी वापरून परत धुऊन ठेवतो.

खड्डा २३ मार्चला, सहा महिन्यांनी, पुन्हा उघडला. योगायोगाने बंदीच्या अधिसूचनेचीही तीच तारीख. पीएलएच्या सहा वाट्यांपैकी एक काढताना हातात मोडली, पापडासारखी, आणि तिच्या कपच्या ओल्या खतात पडल्या. मी आणि काकूंनी चाळणी घेऊन दीड तास त्या शोधल्या, पण सगळ्या सापडल्या नाहीत. खत गुलाबांना घालायचं राहिलं, ते अजून पोत्यात बांधून ठेवलंय. पाच वाट्या जाळीत परत पुरल्या, तांब्याच्या तारेसकट. पुढची उघडणी ठरली ती गणपतीच्या आधीच्या रविवारी, २४ ऑगस्ट २०२५ ला.